मुलांच्या चेहऱ्यावरील पुटकुळ्या : समज, गैरसमज आणि गावाची जबाबदारी

मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर चार पुटकुळ्या उठल्या, तर आंघोळ घालणाऱ्या आईखेरीज त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. त्याच पुटकुळ्या गालावर, पापणीपाशी किंवा ओठांभोवती उठल्या, की तो साऱ्या आळीचा विषय होतो. शेजारीण विचारते, वर्गातील मुले बाक बदलून बसतात, दुकानदार एखाद्या मलमाचे नाव सुचवितो आणि आठवड्याभरात त्या पुटकुळ्यांना एक नावही मिळून जाते. कोणी म्हणते गोवर, कोणी म्हणते उष्णता, कोणी हलक्या आवाजात महारोग म्हणते. ही नावे बहुतेक वेळा चुकीची असतात. लहान मुलांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुरळापैकी पुष्कळसे निरुपद्रवी असते आणि आपोआप जाते. मुलाचे नुकसान होते ते घाईने दिलेल्या नावामुळे, त्या नावापाठोपाठ येणाऱ्या उपचारामुळे, आणि कधी कधी बहिष्कारामुळे. याउलट जे थोडे विकार खरोखरच गंभीर असतात, ते 'साधे पुरळ' या नावाखाली महिनोन्‌महिने झाकून राहतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य हे काही वैद्य नव्हेत. परंतु मूल डॉक्टरांकडे केव्हा जाते आणि त्याआधी त्याच्या चेहऱ्यावर काय चोळले जाते, हे ठरण्यात त्यांच्या शब्दाला मोठे वजन असते. यास्तव या विषयाची ओळख त्यांना असणे अगत्याचे आहे.

देवीच्या भीतीचा वारसा

चेहऱ्यावरील फोडांविषयी आपल्याकडे जी भीती आहे, ती निराधार नव्हती. कित्येक शतके अशा फोडांचा अर्थ देवी हाच होता. रोग्यांपैकी अनेक दगावत, जे वाचत त्यांच्या तोंडावर जन्मभराचे वण राहत, काहींची दृष्टी जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आलेली लस ही हिंदुस्थानातील देवीची पहिली यशस्वी लस मानली जाते. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, मे १९७५ मध्ये, देशातील अखेरचे रुग्ण आढळले. मोहिमेच्या अंतिम पर्वात देवीचा रोगी कळविणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते, हे जुन्या पिढीला आठवत असेल. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य सभेने केली.

रोग गेला, त्याच्या भोवतीचे आचार मात्र मागे राहिले. आजही गोवर किंवा कांजिण्या आल्या, की काही घरांत मुलाला आंघोळ घालत नाहीत, औषध देत नाहीत, उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा टांगून ठेवतात. डहाळ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते ताप चढत असताना, धाप लागलेली असताना दवाखान्यात जाण्यास जो विलंब होतो त्यामुळे.

जुन्या भीतीला नवे निमित्तही मिळत असते. २०२२ साली राज्यातील गोवंशीय जनावरांमध्ये लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. त्याच वर्षी मंकीपॉक्स, म्हणजे आजचा एमपॉक्स, हा रोग अनेक देशांत पसरल्याची वृत्ते येत होती. गोठ्यात जनावराच्या अंगावर गाठी आणि घरात मुलाच्या गालावर पुटकुळ्या, असा योग जुळला तर मनात शंका येणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी, की लम्पी हा जनावरांचा रोग असून तो माणसाला होत नाही. एमपॉक्स माणसाला होतो. पण त्यात ताप, अवधाण आणि दुखरे फोड असतात, आणि बहुधा रोग्याशी निकटचा संबंध आलेला असतो. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर असणाऱ्या, न दुखणाऱ्या पुटकुळ्यांचा त्याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

मोत्यासारखे दाणे

बिनतापाच्या, न दुखणाऱ्या आणि कारण न कळणाऱ्या पुटकुळ्यांमध्ये एक विकार शाळकरी मुलांत वारंवार आढळतो. त्याला खेड्यापाड्यांत रूढ असे नाव नाही. वैद्यकात त्यास मोलस्कम कंटेजिओसम म्हणतात. नाव अवघड असले तरी ओळख सोपी आहे. मोहरीच्या दाण्यापासून लहान वाटाण्याएवढे, गोल, गुळगुळीत, कातडीच्याच रंगाचे किंवा मोत्यासारखी झाक असणारे दाणे त्वचेवर उठतात. नीट पाहिले, तर मोठ्या दाण्याच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा दिसतो. गाल, पापण्या, मान, काखा आणि हाताच्या लवणी या त्यांच्या आवडत्या जागा. ज्या मुलांची त्वचा मुळात कोरडी किंवा इसबाची असते, त्यांच्यात ते अधिक संख्येने उठतात.

हा विकार विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू देवीच्याच कुळातला आहे. देवी नाहीशी झाल्यावर त्या कुळातील केवळ मनुष्यावरच जगणारा असा हा एकच सर्वत्र आढळणारा विषाणू उरला. कूळ एक असले तरी स्वभाव मात्र अगदी भिन्न आहे. मोलस्कमचा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच राहतो. तो रक्तात शिरत नाही, ताप आणत नाही, कोणत्याही अवयवाला इजा करीत नाही. कांजिण्यांची गंमत याच्या उलट आहे. इंग्रजी नावात देवीशी नाते सांगणारा हा रोग अगदी निराळ्या, नागिणीच्या विषाणूमुळे होतो.

मोलस्कम त्वचेला त्वचा लागून, तसेच एकाच पंचाने किंवा टॉवेलने तोंड पुसल्याने पसरते. संसर्ग झाल्यापासून दाणा दिसेपर्यंतचा काळ, ज्यास अधिशयन काळ म्हणतात, तो दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचा असू शकतो. त्यामुळे ते कोणापासून आले हे शोधीत बसण्यात अर्थ नसतो. मूल जेथे खाजविते तेथे नवे दाणे उठतात; म्हणून ते कधी एका रेषेत दिसतात. दाण्यातून पांढरट, चिकट द्रव्य निघते आणि तेच सांसर्गिक असते. आईने नखाने दाणा फोडला, की त्याच्या शेजारी काही आठवड्यांत आणखी चार उगवतात, याचे कारण हेच.

बहुतेक मुलांत हे दाणे सहा ते अठरा महिन्यांत, क्वचित त्याहूनही अधिक काळाने, कोणताही उपचार न करता नाहीसे होतात. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखू लागली, की दाणा लाल होतो, सुजतो, कधी त्यावर खपली धरते. नेमक्या याच वेळी घरातील माणसे घाबरतात आणि 'पिकले' म्हणून धावाधाव करतात. वास्तविक ही बहुधा बरे होत असल्याची खूण असते. दाणे फार पसरले, त्यांचा त्रास होऊ लागला किंवा ते पापणीच्या कडेवर असून डोळा लाल होऊ लागला, तर त्वचारोगतज्ज्ञ ते खरवडून, गोठवून किंवा विशिष्ट द्रावण लावून काढू शकतात. एरवी थांबणे हाच उपचार. मात्र चेहऱ्यावर दाणे असंख्य असतील, फार मोठे असतील आणि मूल वारंवार आजारी पडत असेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी आवश्यक ठरते आणि त्यात एचआयव्हीच्या चाचणीचाही समावेश होतो. ही चाचणी शासकीय रुग्णालयांत विनामूल्य व गोपनीय असते. ती सुचविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. शाळेत किंवा चावडीवर तो शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

थांबणे हे औषध म्हणून कोणाला पटत नाही, ही यातील खरी अडचण होय. काहीतरी लावलेच पाहिजे, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. म्हणून चुना लावला जातो, रुईचा चीक लावला जातो, चामखीळ समजून घोड्याचा केस बांधला जातो. बिब्बा लावण्याची चाल तर सर्वांत वाईट. बिब्ब्याचे तेल त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणते. गालावर त्याचा काळा डाग दीर्घकाळ राहतो, आणि डोळ्याजवळ रुईचा चीक किंवा बिब्बा गेल्यास डोळ्यालाच इजा होते. जो दाणा वर्षभरात काहीही मागे न ठेवता गेला असता, त्याच्या जागी कायमचा व्रण उरतो.

तीन दिवसांत गुण देणारे मलम

चीक व चुना यांपेक्षा आज अधिक नुकसान करणारी वस्तू औषधाच्या दुकानातून, छापील वेष्टनात येते. गोरेपणासाठी, नायट्यासाठी, खाजेसाठी, मुरुमांसाठी अशा निरनिराळ्या निमित्तांनी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्र मलमांत स्टिरॉईड असते. वेष्टनावरील बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे वाचावयास मिळतात. बहुधा त्यांच्या जोडीला एखादे बुरशीनाशक आणि एखादे प्रतिजैविक असते. म्हणजे रोग कोणताही असो, तिघांपैकी एकाचा तरी नेम लागावा, अशी ही योजना.

या मलमांची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. स्टिरॉईडमुळे त्वचेचा दाह दबतो, लाली ओसरते, खाज थांबते, त्वचा उजळल्यासारखी दिसते. आणि हे सारे दोन-तीन दिवसांत घडते. लावणाऱ्याला वाटते, की औषध लागू पडले. प्रत्यक्षात मूळ रोग तसाच असतो. नायटा असेल तर बुरशी आतून वाढत राहते आणि तिचे रूप असे पालटते, की पुढे तज्ज्ञालाही ओळखणे कठीण जावे. मोलस्कमचे दाणे वाढतात. मलम थांबविताच लाली दुपटीने उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते, आणि अशा रीतीने चेहरा मलमाच्या अधीन होतो. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते. ओठांभोवती, नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांखाली बारीक लाल पुटकुळ्यांचे एक कडे तयार होते. हा स्टिरॉईडनेच निर्माण केलेला विकार असतो. पण तो नवा रोग समजून त्यावर पुन्हा तेच मलम लावले जाते. मुलांची त्वचा मोठ्या माणसांपेक्षा नाजूक आणि चेहऱ्याची त्वचा शरीराच्या बहुतेक भागांपेक्षा पातळ. त्यामुळे औषध अधिक शोषले जाते आणि हानी लवकर होते.

स्टिरॉईड हे विष आहे, असा याचा अर्थ नव्हे. इसबासारख्या विकारात योग्य शक्तीचे मलम, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरणे हा मान्य उपचार आहे. अशा मुलाच्या पालकांनी भीतीने तो अर्धवट सोडणेही चुकीचे. आक्षेप आहे तो निदानाशिवाय होणाऱ्या वापराला. २०१८ साली केंद्र सरकारने औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून त्वचेवर लावावयाच्या स्टिरॉईड औषधांना असलेली सवलत काढून घेतली, आणि ती 'एच' अनुसूचीच्या कक्षेत आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. हा नियम किती औषध दुकानांत पाळला जातो, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. अशा विक्रीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करता येते, आणि ग्रामपंचायतीने ठराव करून ती केल्यास तिला अधिक वजन येते. मुलाला स्टिरॉईडचे मलम बरेच दिवस लावले गेले असेल, तर ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावे. मात्र डॉक्टरांकडे जाताना ती नळी सोबत न्यावी. औषधाचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, नळीवर ते छापलेले असते.

वयाप्रमाणे बदलणारे अर्थ

एकाच प्रकारच्या पुटकुळीचा अर्थ वयानुसार बदलतो. नवजात बालकाच्या नाकावर व गालावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे कण दिसतात. ते काही आठवड्यांत जातात. तीन-चार आठवड्यांच्या बाळाच्या गालावर मुरुमांसारखे पुरळ येते, तेही बहुधा आपोआप जाते. दोहोंनाही डाळीचे पीठ चोळून किंवा तेल मुरवून घालविण्याचा प्रयत्न केल्यास छिद्रे बुजून त्रास वाढतो. चैत्र-वैशाखात घामोळ्या येतात. त्यांना सुती कपडा, वारा आणि थंड पाणी पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या कपाळावरील मुरुमे ही वयात येण्याची पहिली खूण असू शकते. परंतु एक ते सात या वयात खरीखुरी मुरुमे येणे स्वाभाविक नाही. त्यामागे संप्रेरकांचा बिघाड असू शकतो, म्हणून ती डॉक्टरांना दाखवावीत. खरजेचेही असेच आहे. मोठ्या मुलांत ती बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती असते आणि चेहरा सहसा सोडते. तान्ह्या बाळाच्या मात्र चेहऱ्यावर व तळपायांवरही उठते.

ज्यांत विलंब चालत नाही

काही लक्षणे अशी आहेत, की ती दिसताच त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. ताप, खोकला, लाल डोळे, आणि तीन-चार दिवसांनी कानामागून व कपाळावरून सुरू होऊन खाली उतरणारे पुरळ म्हणजे गोवर असण्याची दाट शक्यता. गोवर हा किरकोळ आजार नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे झालेल्या उद्रेकात बालके दगावली. लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा देतात. त्यांमुळे डोळ्यांचे व जिवाचे रक्षण होते. गोवराचा संशयित रुग्ण कळविणे हे आशा स्वयंसेविकेपासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांचेच काम आहे.

नाकाखाली व ओठांच्या कोपऱ्यांत पाणीदार फोड येऊन त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरणे हा जिवाणूंचा संसर्ग असतो. तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो, आणि प्रतिजैविकाने लवकर बरा होतो. या फोडांनंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, किंवा लघवी चहासारखी लालसर होऊ लागली, तर मूत्रपिंडाला सूज आली आहे, असे समजून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. फोड चेहऱ्यावर आणि आजार मूत्रपिंडात, हा संबंध सर्वसामान्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो.

नाकाच्या मुळाशी किंवा नाकाच्या मध्यरेषेवर जन्मापासून असलेली गाठ कधीही दाबू, टोचू वा फोडू नये. अशा काही गाठींचा मार्ग थेट कवटीच्या आत गेलेला असतो. तान्ह्या बाळाच्या पापणीवरचा लाल, झपाट्याने वाढणारा उंचवटा रक्तवाहिन्यांचा असतो. तो पुढे आक्रसत असला तरी त्यामुळे डोळा झाकला गेल्यास दृष्टी अधू राहते. म्हणून त्यासाठी पहिल्या काही महिन्यांतच उपचार हवेत.

दुखत नाही म्हणून विसरले जाणारे विकार

ताप आणणाऱ्या रोगाकडे लक्ष जातेच. न दुखणारा, न खाजणारा आणि मंदगतीने वाढणारा रोग हा खरा फसवा. कुष्ठरोग त्यांतील प्रमुख होय.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे दूरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. 'दूरीकरण' या शब्दाचा अर्थ पुष्कळांनी 'उच्चाटन' असा घेतला, तो मात्र बरोबर नाही. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, नवे रुग्ण आजही आढळतात आणि त्यांत मुलेही असतात. ज्या राज्यात मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनात या रोग्यांसाठी आयुष्य वेचले, त्या राज्यात तरी हा विषय कुजबुजीचा राहू नये.

मुलांमध्ये हा रोग बहुधा गाठीच्या नव्हे, तर चट्ट्याच्या रूपाने सुरू होतो. चट्टा फिकट किंवा तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम कमी येतो आणि पुढे तेथील संवेदना जाते. याच्याशी गल्लत होते ती शाळकरी मुलांच्या गालांवर हमखास दिसणाऱ्या फिकट, किंचित खवलेदार डागांची. त्यांना लोक जंतांचे किंवा कॅल्शियमच्या कमतरतेचे डाग म्हणतात. वास्तविक ते कोरड्या त्वचेचे सौम्य लक्षण असून तेल वा साध्या मलमाने काही महिन्यांत जातात. फरक कळण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे संवेदना तपासणे. पण चेहऱ्याला मज्जातंतूंचे जाळे दाट असल्यामुळे तेथील चट्ट्यावर संवेदना पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणून चेहऱ्यावरील डागाला स्पर्श कळतो, एवढ्यावरून कुष्ठरोग नाही असा निष्कर्ष काढू नये. मुलाचे सर्व अंग तपासले पाहिजे. रोगाच्या दुसऱ्या प्रकारात चेहऱ्यावर व कानांच्या पाळ्यांवर गाठी येतात, पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात. बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. लहान मुलाला कुष्ठरोग आढळणे, याचा अर्थ त्याच्या निकट वावरणाऱ्या कोणा प्रौढ व्यक्तीचे निदान व्हावयाचे राहिले आहे. त्यामुळे घरातील सर्वांची तपासणी होते, आणि निरोगी संपर्कितांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंधक म्हणून दिली जाते.

दुसरे उदाहरण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना व गालांवर, पसरलेल्या पंखांप्रमाणे, लालसर व टणक बारीक दाणे साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या वयात उठतात आणि वाढत जातात. त्यांना मुरुमे समजले जाते. त्या मुलाला पूर्वी आकडी येत असेल, शिकण्यात ते मागे पडत असेल आणि अंगावर जन्मापासून पानाच्या आकाराचे पांढुरके डाग असतील, तर हा ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आनुवंशिक विकार असण्याचा संभव असतो. त्यात मेंदू, मूत्रपिंड व हृदय यांतही गाठी होऊ शकतात. आकडीसाठी एका दवाखान्यात, पुटकुळ्यांसाठी दुसऱ्या दुकानात आणि अभ्यासासाठी शिक्षकांच्या छडीखाली असे ते मूल वर्षानुवर्षे फिरत राहते. तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत, हे जर कोणाच्या ध्यानात येऊ शकत असेल, तर ते त्याच्या वर्गशिक्षकाच्या.

वीटभट्टीवर वा बांधकामावर बिहार-झारखंडकडून आलेल्या कुटुंबातील मुलाच्या तोंडाभोवती न दुखणारे दाणे व फिके डाग दिसले, तर त्याला पूर्वी काळा आजार झाला होता काय, हेही विचारावे. तो बरा झाल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी त्वचेवर असा विकार उमटतो.

शाळेत काय करावे

प्रश्न येतो तो मुलाला घरी पाठविण्याचा. गोवर असल्यास पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्या असल्यास सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाने घरी राहावे. मधासारख्या खपलीच्या फोडांत प्रतिजैविक सुरू होऊन एक दिवस उलटला, आणि खरजेत पहिला उपचार पूर्ण झाला, की मूल शाळेत येऊ शकते. मोलस्कम, चामखीळ, इसब, कोड, मुरुमे आणि गालांवरील फिके डाग यांसाठी एक दिवसही शाळा बुडविण्याचे कारण नाही. उपचार सुरू झालेल्या कुष्ठरोगाच्या बाबतीतही तसेच. औषधाच्या पहिल्या मात्रांनंतर संसर्गाची शक्यता फार लवकर नाहीशी होते. मोलस्कम वर्ष-दीड वर्ष टिकते. 'बरे झाल्यावर ये' असे अशा मुलाला सांगणे, म्हणजे त्याचे एक संपूर्ण वर्ष हिरावून घेणे होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढता येत नाही आणि त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई आहे. वेगळ्या बाकावर, वेगळ्या ताटात बसविणे हे या मनाईच्या किती जवळ जाते, याचा विचार शाळा व्यवस्थापन समितीने करावा.

मुलाच्या चेहऱ्याचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकून 'हे काय असेल' असे विचारण्याची एक नवीच रीत पडली आहे. हेतू चांगला असला तरी तो चेहरा पुढे वर्षानुवर्षे फिरत राहतो. छायाचित्राचा खरा उपयोग ई-संजीवनीच्या दूरसल्ला सेवेत आहे. उपकेंद्रातून ती घेता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला. या कार्यक्रमातील पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शाळांना एकदा भेट देतात. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची व अन्य कमतरता, विकासातील विलंब यांबरोबरच त्वचारोगही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. परंतु पथकाच्या भेटीच्या दिवशी पुटकुळ्या असतीलच असे नाही, आणि असल्या तरी त्या केव्हापासून आहेत हे पथकाला ठाऊक नसते. म्हणून वर्गशिक्षकाने एका साध्या वहीत नोंद ठेवावी : पुटकुळ्या प्रथम कोणत्या तारखेला दिसल्या, कोठे, ताप वा खाज होती काय, घरात आणखी कोणाला आहेत काय, आणि आतापर्यंत काय काय लावले. रोगाचे नाव त्या वहीत लिहू नये. ती जागा डॉक्टरांसाठी मोकळी सोडावी, आणि वही कपाटात कुलपात ठेवावी. वर्गासाठी स्वतंत्र रुमालांचा आग्रह, नखे कापणे आणि हात धुण्यास पाणी या तीन गोष्टींनी सांसर्गिक पुरळांचा मार्ग अडण्यास मदत होते. पाण्याची सोय नसेल, तर तो विषय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत मांडावा.

तपासणीसाठी बहुधा मुख्याध्यापकांची खोली रिकामी करून दिली जाते. ती नेमकी सर्वांत अंधारी असते. फिकट चट्टा विजेच्या दिव्याखाली दिसत नाही, आणि मोलस्कमच्या दाण्यावरचा खळगाही दिसत नाही. पथकाची टेबल-खुर्ची पूर्वेकडच्या खिडकीपाशी किंवा पडदा लावून व्हरांड्यात, दिवसाच्या उजेडात मांडावी आणि मुलांना तोंड स्वच्छ धुऊन, पावडर न लावता बोलवावे.